लॉगबुकात न लिहिलेलं

खानापूरच्या खालच्या अंगाला, मलप्रभेच्या जरा अलीकडं
गावानं सांडलेलं सगळं माझ्याकडं येतं.
पहाटे साडेपाचला पहिला लोंढा,
त्याआधी पाइपात नुसती कुजबुज.
बाजारादिवशी जाळीवर मिरचीचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या.
यात्रेहून माणसं परतली की
दोन दिवस टाकीवर भंडाऱ्याची पिवळी झाक.
लग्नसराईत तेल. एवढं, की डावानं काढावं.
एकदा जोडवं आलं.
धुऊन खिडकीत ठेवलंय,
अजून कुणी विचारत आलेलं नाही.

इराप्पा आकडे कन्नडात लिहितो,
मी मनात मराठीत मोजतो,
मीटर इंग्रजीत खोटं बोलतो.
म्हणून नाक.
गाळाचं नाक यायला मला दीड वर्ष लागलं.
मेलेला गाळ नासक्या अंड्यासारखा.
जिवंत गाळ, हसू नका,
भुईमूग उपटल्यावर हाताला राहतो तसला वास.

धारवाडच्या हिरेमठ मॅडमनी
एकदा थेंबभर गाळ काचेवर घेऊन दाखवला.
देठावर घंटा.
उघडायच्या, मिटायच्या, दचकून देठ आखडायचा,
परत हळूच वर.
"हे जगले तर पाणी जगलं," म्हणाल्या,
"आणि तुझी नोकरीपण."

फेब्रुवारीत एका रात्री ट्रान्सफॉर्मर उडाला.
ब्लोअर थांबला.
टाकीवर कधी शांतता ऐकली नव्हती मी.
बुडबुडे एकेक करून विझले
आणि बेडकं ऐकू आली, लांब नदीच्या अंगाला.
लाइनमन म्हणाला, सकाळी बघूया की.
हवेचा आकडा दोनवरनं दीडवर, दीडवरनं पाऊणवर.
जनरेटरात डिझेल तळाला.
बॅटरीचा झोत धरून उभा राहिलो पाण्यावर.
काय दिसणार?
डोळ्याला न दिसणारी लाखो तोंडं
श्वासासाठी वर येत असतील, एवढंच.

इराप्पानं गाडी काढली.
दस्तगीरमामूला उठवला, टेम्पोवाला.
"रातच्याला घाणीसाठी डिझेल?"
"घाणीसाठी नव्हं मामू. घाण खाणाऱ्यांसाठी."
मामू बनियनवरच खाली आला,
नळी टाकीत घातली, तोंडानं ओढली,
थुंकला, शिवी दिली, परत ओढली.
दोन कॅन.
पैसे? नंतर बघू, म्हणाला. अजून बघतोय.

तीन चाळीसला ब्लोअर धडधडला.
इराप्पा गुडघ्यावर बसून टाकीकडं बघत राहिला,
डिझेलचे हात पुढं धरून, पुसायचं विसरून.
लॉगबुकात त्यानं लिहिलं:
ब्लोअर चालू. शेरा, काही नाही.

पुढं वाळू, कोळसा, जांभळा दिवा.
शेवटच्या नळाला येतं ते पाणी
काचेत धरलं तर बोटाच्या रेषा दिसतात.
उद्घाटनाला पाहुण्यांनी ते ग्लास उचलले,
फोटोपुरते,
आणि सीलबंद बाटल्यांतनं प्यायले.
स्मशानाच्या बागेलासुद्धा नको म्हणाले लोक.
मेलेल्यांना चालणार नाही म्हणे.

खरं रत्नव्वा येते.
कुंभाराची. दर आठ दिवसांनी, हातगाडीवर चार पिंपं.
"बोअर आटलंय. माती काय विचारते काय, पाणी कुठनं आणलं म्हणून?"
पिंप भरताना पहिल्यांदा वास घेतला तिनं,
दुसऱ्यांदा बोट बुडवून जिभेला लावलं.
मी श्वास धरून.
"बरं हाय. खरं कुणाला सांगू नको."

यंदा आईनं तिच्याकडनंच माठ आणला.
गार पाणी, तांब्यानं घेते, वरनं पिते,
गळ्याची शीर हलते.
"ह्या माठाचं पाणी गोड लागतंय बघ."
मी हूं म्हणालो.
रात्रपाळी होती. डबा घेतला.